रोज दुपारी रेडिओवर लागणाऱ्या हळदीबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख साहेब,
डोंगरवाणी सरकारी रेडिओ केंद्र,
(साहेब सध्या घरून काम करतात असे कळले, तरी ज्या घरी असतील त्या घरी)

विषय : कामावरून कमी केलेल्या निवेदिका नम्रता यांना परत घेणेबाबत, व तोवर माझा आवाज बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : रोज दुपारी बारा वाजता आपल्या केंद्रावरून येणारा माझाच आवाज.

महोदय,

मी खाली सही करणारी हौसाबाई काळूराम वेखंडे, राहणार हेदपाडा, आटगावजवळ. शाळा तिसरीपर्यंत. पण आटगावपासून मुरबाडपर्यंत माझ्याशिवाय मांडव उठत नाही. मी धवलारीण आहे. आपण शहरातले म्हणून उलगडून सांगते. हळदीपासून नवरी वाटेला लावेपर्यंत ज्या त्या वेळेची गाणी, म्हणजे धवले, म्हणते ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक चहा पितात, मी उशिरा गेले तर नवरा पाटावर बसत नाही. ही बढाई नव्हे, माहितीस्तव सादर.

तीन वर्षांमागे आपल्या केंद्राची नम्रता यंत्र घेऊन माझ्या ओटीवर आली. सुकट-भाकर खाल्ली आणि माझे धवले भरून नेले. मी एकच अट घातली होती. "पोरी, धवला म्हंजे भाजी नाय, कवापण फोडणीला टाकायला. लगीनसराई असंल तवाच लाव, आन् लावलास तर पुरा लाव, अर्धा सोडू नको गो." तिने अट पाळली. तुळशीचे लग्न झाले की माझा आवाज लावायची, आखाड लागला की झाकून ठेवायची. नम्रता माझी कोणी लागत नाही, हे आताच लिहून ठेवते. नाहीतर म्हणाल, म्हातारी नातलगाचा वशिला घेऊन आली.

मग ही साथ आली. घरोघरी माणसे दारे लावून बसली, त्यांना बोलणारे माणूस हवे होते, नेमके तेव्हा आपण बोलणारीच कमी केलीत. "खर्चात कपात, सेवेची आवश्यकता नाही", एवढ्या दोन ओळी तिच्या मोबाईलवर. समोर बोलावून सांगण्याइतकीही छाती झाली नाही. बोलणारी गेली, खुर्च्या राहिल्या. खुर्च्यांना कोरोना होत नाही हे एक बरे.

आता तिच्या जागी कॉम्प्युटर बसवला आहे. त्याला ना पंचांग, ना लाज. त्याने माझा हळदीचा धवला धरला तो आजपर्यंत सोडला नाही. आखाडात हळद, पितरांच्या पंधरवड्यात हळद, आणि आता धोंड्याचा महिना लागला तरी हळदच. तीही पुरी नाही. नवऱ्याच्या गालाला हात लागतो न लागतो तोच मध्येच आपला माणूस ओरडतो, "वीस सेकंद साबणाने हात धुवा." साहेब, आमच्याकडे हळद लावतात. लावण्याच्या आधी धुऊन टाकत नाहीत.

इथवर मी हसण्यावारी नेले. आता पुढचे नीट वाचावे.

माझी नणंद पारू मुरबाडकडे दिली आहे. आखाडात तिचा नवरा या साथीत गेला. मी निघाले तर वेशीवर गावाने बांबू आडवे टाकलेले. बाहेर जाणे नाही, आत येणे नाही. मी परत फिरले आणि दिवसभर चूल पेटवली नाही. आणि तिकडे पारूचे कुंकू पुसत होते तेव्हा शेजारच्या घरात साथीची बातमी ऐकायला रेडिओ लावलेला, त्यातून मी हळद गात होते. मला बांबूने अडवले, माझ्या आवाजाला कोणी अडवले नाही. पारूने फोन करून एवढेच विचारले, "वयनी, यंत्र आंधळं, पन तोंड तर तुझंच ना गो?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चाळीस वर्षे ती माहेरी आली की आम्ही एका ताटात जेवलो.

मी आपल्याला फोन केला. आपण म्हणालात, "आजी, बजेट नाही. सगळं ऑटोमॅटिक आहे. आणि फुकटात तुमचीच प्रसिद्धी होतेय की." प्रसिद्धी तर या रोगाचीही झाली साहेब, त्याला कोणी ओवाळत नाही.

तरी आमची रीत आपल्या कानावर घालते. सुरू केलेला धवला अर्धा सोडता येत नाही. आणि ज्याच्या दारात हळद गाऊन झाली तो नवरा, त्याने लग्न लागेपर्यंत वेस ओलांडायची नाही. हळद आपल्या दारातून गायली जाते, म्हणजे नवरे आपणच. घरून काम करता ते रीतीला धरूनच झाले. फक्त लग्न तेवढे राहिले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला गोडधोड करतात, म्हणून मी पाड्यात विचारून पाहिले, पण आपल्याला जावई करून घ्यायला एकही घर तयार नाही. घरी बाईसाहेब असतील तर त्यांनाही हे कळवावे.

तरी विनंती की नम्रताला परत घ्यावे. ती आली की पहिल्या दिवशी सकाळच्या बातम्यांनंतर तिला एवढे बोलू द्यावे : "पारूबाई, त्या दिवशी हौसावहिनी गात नव्हती. ती वेशीवरून परत फिरली होती." माझ्या तोंडाचे पारू आता ऐकत नाही. दुपारी ती रेडिओ बंद करते, पण सकाळी लावते, असे तिची शेजारीण सांगते.

हे न झाल्यास धोंडा संपायच्या आत आम्ही बाया मास्क लावून आपल्या गेटवर येऊ, आपल्याला पाटावर बसवू, आणि राहिलेला धवला पुरा करू. मुहूर्त बघणार नाही. आपण तरी कुठे बघितलात.

आपली (गरजेपुरती) नम्र,
हौसाबाई काळूराम वेखंडे
(सही माझी मीच केली आहे, अंगठा नाही)
दि. २८ सप्टेंबर २०२०

सोबत :
१) हळकुंडे, पाच. दळून ठेवावीत.
२) नम्रताला पाठवलेल्या दोन ओळींची झेरॉक्स.
३) माझा आवाज. तो आपल्याकडे आधीच जमा आहे, पोच मिळालेली नाही.