दुसऱ्या अंकानंतर

सातारा,
९ डिसेंबर १९९६

प्रिय ऋचा,

पत्रावर सातारा पाहून दचकू नकोस. आम्ही दोघंही इथे आहोत, एसटी स्टँडजवळच्या लॉजवर. मेढ्याची गाडी खिडकीतून दिसते. सकाळी ती सुटताना मी पाहते आणि तिकडे तू वर्गावर शिकवायला गेली असशील असं मनात म्हणते. तू आणि बाबा शेवटचं बोललात त्याला किती वर्षं झाली, ते मी मोजत नाही.

आपल्या नाटकाचा सिनेमा होतो आहे, हे तू पेपरात वाचलं असशील. बाबांची भूमिका दुसराच कुणी करतो, माझी भार्गवी नावाची मुलगी. आम्हाला सल्ल्यासाठी बोलावलं आहे. म्हणजे खुर्चीवर बसायचं आणि कुणी विचारलं तर सांगायचं. बाबांना ही खुर्ची आवडली आहे. न विचारताही सांगतात.

दिग्दर्शक मुकुल तरुण आहे, कमी बोलतो. त्याचं घोडं एका जागी अडलं आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको रुसून ट्रंक उचलते आणि नवरा म्हणतो, 'जाताना माझा चष्मा तेवढा ठेवून जा.' हशा होतो, हशातच पडदा पडतो. तिसऱ्या अंकात पडदा उघडतो तेव्हा ती चहा गाळत असते आणि तो पेपर वाचत असतो. मध्ये मध्यंतर. लोक वडे खातात. ती कशी परत आली, आधी कोण बोललं, हे आजवर कुणी विचारलं नाही. मुकुल म्हणतो, काकू, सिनेमात पडदा पडत नाही. एक दृश्य संपलं की त्याला लागून दुसरं. ती गेलेली दिसली, तर आलेलीही दिसली पाहिजे.

त्याने कॅलेंडरची पानं उडवून पाहिली. चंद्र दाखवला. नुसता काळोख ठेवून पाहिला. तुकडे जोडून आम्हाला दाखवायचा आणि दिवे लागायच्या आत स्वतःच मान हलवायचा. घराचा आतला भाग त्यांनी सांगलीत उभारला होता, रस्ता मात्र इथला, मंगळवार पेठेतला. त्यामुळे भार्गवी सांगलीत उंबरा ओलांडते आणि पंधरवड्यानंतर साताऱ्यात पायरी उतरते. तीच साडी, तीच ट्रंक, गजरा तेवढा नवा. दार टेम्पोत घालून इथे आणलं. ते बसवताना मानसिंग सुतार मला म्हणाला, 'आवं मावशी, दार हितं आन् घर ऱ्हायलं सांगलीला. ह्यो नवरा बायकूला हुडकणार तरी कुठं?' सगळे हसले. मीही हसले.

भार्गवीने मला एकदा विचारलं, मधल्या वेळात ती काय करत असते? मला वाटलं, हे मला माहीत असणार. इतके प्रयोग केले. पण त्या वेळात मी साडी बदलत असे. बाबा चहा पीत आणि पहिल्या रांगेत कोण बसलं आहे ते सांगत. तेवढंच. तिचं परत येणं मी कधी केलंच नव्हतं.

आणि तिचं जाणं मी कधी पाहिलं नव्हतं. रंगमंचावर त्या वेळी माझी पाठ असायची. सांगलीच्या सेटवर कॅमेरा भार्गवीच्या समोर होता. चष्म्याचं वाक्य झालं. शूटिंग चालू असताना हसायला मनाई असते, त्यामुळे हशा नाही. त्या शांततेत तिचा चेहरा बराच वेळ तसाच राहिला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. तू घर सोडलंस त्या दिवशी आपल्याकडे तालमीला मंडळी जमली होती, चहा चालला होता, आणि तू बॅग घेऊन उभी होतीस. तुझी सोयरीक मोडून महिना झाला होता आणि बाबा मुलाच्या मामाची नक्कल करून दाखवत होते. तू म्हणालीस, 'बाबा, एकदा तरी सरळ बोला.' त्यांनी चष्म्याचं वाक्य टाकलं. मंडळी हसली.

तुला वाटत असेल, ते रागावले आहेत. ते कधीच रागावले नव्हते. त्यांना काळजीसुद्धा वाटली नाही. 'तिसऱ्या अंकात येईलच,' म्हणाले, आणि ते त्यांना खरं वाटत होतं. सगळं आयुष्य बायको ट्रंक घेऊन जायची आणि मध्यंतर संपलं की चहा गाळताना दिसायची. तुझा पलंग त्यांनी हलवू दिला नाही. दिवाळीला तुझं कार्ड माझ्या नावाने येतं. ते पोस्टमनला विचारतात, 'एकच का?' मग त्याच्याशी काहीतरी थट्टा करून आत येतात.

काल मुकुलने शेवटी त्यांनाच विचारलं, 'सर, नवऱ्याने तिला कसं आणलं असेल? तुम्ही सांगाल तसं घेतो.' सगळे त्यांच्याकडे बघू लागले, आता काहीतरी फर्मास येणार म्हणून. बाबा म्हणाले, 'मी गेलोच नव्हतो तिला आणायला.' मोठा हशा झाला. बाबा हसले नाहीत. दुपारभर त्या दाराच्या पायरीवर बसून होते. संध्याकाळी त्यांनी लॉजच्या मॅनेजरला मेढ्याच्या गाडीची वेळ विचारली आणि वर येऊन मला म्हणाले, 'तू ये हवं तर. पण बोलणार मी.' म्हणून हे पत्र. येत्या रविवारी आम्ही येतो आहोत. आज सकाळपासून ते मनात वाक्यं जुळवत आहेत, ओठ हलताना दिसतात. तुझ्या दारात त्यातलं एकही आठवणार नाही, आणि घाबरून ते विनोद करतील. तू हसू नकोस. दारही लावू नकोस. त्यांचं दुसरं वाक्य येईपर्यंत थांब.

तुझीच,
आई