आरशाचं ब्रॅकेट

१ ऑक्टोबर २०२५
खंडेनवमी. कारखान्यातल्या मशिनी धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या. माझ्या तपासणीच्या टेबलाची पूजा दरवर्षीसारखी मीच केली. मशिनवरनं आलेला प्रत्येक जॉब ज्या लोखंडी अँगल प्लेटला टेकवून मोजते ती लई जड, एकटीला उचलत न्हाय. मशिनवरच्या नागेंद्रनं बाजूला घेतली, मग टेबलाला हळद-कुंकू लावलं. प्लेट परत जागेवर. चिरमुरे खाऊन घरी.

३ ऑक्टोबर
नवीन काम — मुठीएवढं ब्रॅकेट! त्यावर आरसा बसणार, आणि आरशावरनं अवकाशयानातला लेसर पृथ्वीकडं. मंगळाच्या पलीकडनं फोटो यायचे, रेडिओपेक्षा कितीतरी भराभर. पण बेंगळुरूचा इंजिनिअर बजावून गेला: लेसर बारीक असतो, रेडिओसारखा पसरत न्हाय. ब्रॅकेट केसाच्या दहाव्या भागाएवढं कललं तरी उजेड पृथ्वीला चुकवून जाणार. यान तिकडं बोलत बसंल, ऐकायला कोणी न्हाय.
म्हटलं, माझ्या टेबलावरनं वाकडं काही जात न्हाय.

६ ऑक्टोबर
गुंडूअण्णांनी मशिनवर काढलेलं पहिलं ब्रॅकेट रिजेक्ट केलं. मापाचा डायल लावला, काटा हलला — कललेलं. परत लावला, तेवढंच. मी इथं लागले तेव्हा डायल धरायला अण्णांनीच शिकवलं.
“जॉब सरळ हाय, मंगल,” एवढंच म्हणाले.
“डायल खोटं बोलत न्हाय, अण्णा.”
वाईट वाटलं. पण सही केली न्हाय.

८ ऑक्टोबर
दुसरंही कललेलं. त्याच बाजूला! अण्णांना सांगितलं, मशिनवर धरताना पलीकडनं जरा पत्र्याचं पॅकिंग द्या, सरळ येईल. ऐकत न्हाईत. मालक, म्हणजे रघुवीरसाहेब, मला म्हणाले, सोडून दे की गं, वर कोण बघायला जाणार हाय? डोकंच फिरलं. म्हटलं, वर कोणी जाणार न्हाय म्हणून तर इथं बघायचं!
संध्याकाळी मालकांनी अण्णांना मशिनवरनं काढून कच्चा माल कापायला, कटिंगला बसवलं. मी तसं म्हटलं न्हवतं. पण झालं माझ्यामुळंच.

९ ऑक्टोबर
अण्णा डबा एकटेच खातात.

१३ ऑक्टोबर
नागेंद्रनं मी सांगितलं तसं पॅकिंग देऊन नवीन ब्रॅकेट काढलं. काटा हलला न्हाय! सही ठोकली. पेटी बेंगळुरूला गेली. मालकांनी गोड म्हणून कुंदा वाटला. अण्णांनी घेतला न्हाय. असू दे. माणसाचं तोंड बघून माप घेता येत न्हाय.

१७ ऑक्टोबर
बेंगळुरूचा फोन आलता. सोमवारी ब्रॅकेट बसवणार. इंजिनिअर म्हणाला, तुमची सही बघितली, परत मोजत न्हाय. दिवसभर मान ताठ!

१८ ऑक्टोबर
दिवाळीची साफसफाई. नागेंद्रनं अँगल प्लेट उचलली, खंडेनवमीनंतर पहिल्यांदा. टेबल रोज पुसते, प्लेटखाली कोण पुसतंय! खाली एका कडेला कुंकू. मशिनच्या तेलात थिजून घट्ट बसलेलं. माझ्याच बोटाचं. तेवढ्यानं प्लेटच कललेली.
खरवडलं. पुसलं. प्लेट ठेवून अण्णांचं रिजेक्ट ब्रॅकेट लावलं. काटा हलला न्हाय.
म्हणजे वाकडं ते बेंगळुरूला गेलंय. माझ्या सहीचं.
फोन केला — बसवू नका, मी चुकले. आता अण्णांचं ब्रॅकेट घेऊन कटिंगला निघालेय. सगळ्यांच्या देखत रिजेक्ट केलतं, सगळ्यांच्या देखतच सांगणार.