पहिली पाट भांडणाऱ्या बाईला

नांदूरघाट

प्रिय शिवकन्या,

अनेक आशीर्वाद. मी बोलते आणि तुझे आजोबा लिहितात. त्यांच्याविषयी काही सांगायला लागले की नेमकी तेवढ्यापुरती पेनातली शाई संपते, म्हणून त्यांची गाऱ्हाणी तोंडीच सांगेन.

पाडव्यापासून तुझा फोन नाही. तुझ्या सासरी, पालीत रेंज नसेल, असं हे म्हणतात. मी म्हणते, रेंज हाय, नातीचं तोंड फुगलंय. तिथल्या बायकांसाठी तू आमच्या बायकांच्या शेळी-सोसायटीकडे ट्रकभर शेळ्या मागितल्यास आणि आम्ही नको म्हणालो, त्याचाच राग ना? दुष्काळात लोक जनावरं मातीमोल विकतात, आत्ताच घेऊन ठेवू, हे तुझं म्हणणं खोटं नव्हतं. बैठकीत निम्म्या बायका तुझ्याच बाजूच्या होत्या. पण यंदा तुमच्याकडे माणसांनाच टँकरचं पाणी. तिथं एकदम एवढी तोंडं उतरवली, तर बाभळीच्या शेंगा कुठवर पुरणार? छावणीत चारा मिळतो तो गाई-बैलांना. शेळीला तिथं कुणी दारात उभं करत नाही.

सोसायटी कशी वाढली ते तुला ठाऊक आहे, पण आजोबांना लिहायचा सराव व्हावा म्हणून पुन्हा सांगते. बोकड विकायचे, माद्या विकायच्या नाहीत. शेळीला झालेली पहिली मादी, म्हणजे पहिली पाट, दुसऱ्या बाईला फुकट द्यायची. तिनं तिची पहिली पाट तिसरीला. आणि द्यायची तीही जिच्याशी आपलं पटत नाही तिलाच. मैत्रिणीच्या हातून शेळी मेली तर ती चार आसवं गाळून मोकळी होते. भांडलेली बाई मात्र आपल्या नाकावर टिच्चून शेळी जगवते. केसरबाई आणि मी टँकरच्या नळीवरून एकमेकींच्या झिंज्या धरल्या होत्या. तिला मी पाट दिली, तर बाईनं स्वतःच्या अंघोळीचं पाणी तिला पाजलं आणि रोज मुद्दाम माझ्या दारावरून नेली. वर म्हणायची, "बघ सारजे, तुझ्यापरीस माझी लई चकचकीत हाय!" आता तिच्याशी भांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

अशानं वाढ सावकाश होते, खरं आहे. पण शिवारात पाला असेल तेवढीच शेळी वाढते. आणि आज गावात जिचं कुणाशीच वाकडं नाही अशी एखादी गरीब बाई सोडली, तर सगळ्यांच्या दारात शेळी आहे.

तुझं शिक्षण वाया गेलं असं मात्र समजू नकोस. आधी व्यापारी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून अंदाजानं भाव सांगायचा. तू सांगितल्यापासून आम्ही काट्यावर तोलून देतो. काटा दिसला की तो तुझ्या नावानं बोटं मोडतो आणि आम्ही त्याला पाणी विचारतो.

आता खरी गोष्ट. माझ्या नव्या शेळीची पहिली पाट पाला खायला लागली. ती कुणाला द्यायची, हे परवाच्या बैठकीत निघालं. केसरबाईनं विचारलं, "सारजे, तुझं भांडण उरलंय कुणाशी?" मी आठवत बसले. तर तीच म्हणाली, "कावून इचार करतीस? तुझी नात बोलत न्हाई की तुझ्याशी!" सगळ्या हसल्या आणि लगेच हात वर झाले. पाट गावाबाहेर जायची ही पहिलीच वेळ. म्हणून हे पत्र. गुरुवारी आजोबा तिला जीपनं घेऊन येतील. तिची पहिली पाट कुणाला द्यायची ते तुझं तू ठरव. चंद्रभागाबाई, तुझ्या सासूबाई, तुला धड जेवलीस का विचारत नाहीत असं कानावर आलंय, ते आपलं सहज सांगितलं. माझ्यावरचा राग एवढ्यात सोडू नकोस, नाहीतर केसरबाई पाट परत मागेल. पण पोरी, भांडायला म्हणून का होईना, फोन कर. उचलायला मी फोनपाशीच बसून आहे.

तुझीच, आणि तुझ्या रागाला पुरून उरलेली,
आजी