यालमारीचे खांदे

मी, ओस्करी लुओमापेरा, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय सुतारकाम, राहणार होल्मानकोस्की, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहितो. गुडघे गेले आहेत, उजवा कान गेला आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही. घालायला घरात दुसरे माणूसच नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नव्हते. आज शनिवार आहे आणि अंधार पडायच्या आत सह्या व्हायला हव्यात. का, ते चौथ्या कलमात येईल.

कलम १. घर, रिकामा गोठा आणि नदीपर्यंतची जमीन माझी भाची केर्ट्टू हिला मिळावी. ती तांपेरेच्या कापडगिरणीत कामाला आहे आणि दर नाताळला न चुकता येते. "मामा, गाई विकून अकरा वर्षं झाली, पण घराला अजून शेणाचा वास येतोच," असे म्हणत म्हणत तीन ताटल्या हॅम संपवते. तिला घर विकायचे असल्यास खुशाल विकावे, मला वाईट वाटणार नाही. वाटले तरी तेव्हा मी सांगायला नसेन.

कलम २. रंधे, पटाशा, गिरमिटे आणि धार लावायचा दगड गावच्या शाळेला द्यावेत. शेजारी तौनो रिंता याला कॉफीची तांब्याची किटली ठेवायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असा कायदा आहे आणि तौनो साक्षीदार आहे. म्हणून किटली त्याला आज सकाळीच देऊन टाकली. त्याने झाकण कुठे आहे एवढेच विचारले.

कलम ३. चुलतभाऊ एइनो याला काहीही नाही. सत्तेचाळीस साली तो माझी मोठी करवत चार दिवसांसाठी घेऊन गेला, ती त्याच्याकडेच राहू द्यावी. म्हणजे मी त्याला काही दिले नाही असे त्याला कुठे बोलता येणार नाही.

कलम ४. नदीकाठचा सौना. वाफेच्या अंघोळीची ही खोली जमिनीबरोबर केर्ट्टूलाच, पण याचे जरा लांबेल.

आमच्या जिल्ह्यात पोर चालायला लागले की त्याला ग्रीको-रोमन कुस्तीच्या गादीवर सोडतात. कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा डाव टाकायचा नाही, हे ते बोलायच्या आधी शिकते. गावच्या सभागृहात आमच्या क्लबच्या विजेत्यांचे फोटो ओळीने लावले आहेत, १९०८ पासूनचे. डावीकडून सातवा मी. 'ओस्करी लुओमापेरा, राष्ट्रीय अजिंक्यपद, १९३०' असे खाली लिहिले आहे. लोक माझ्याकडे बोट दाखवून पोरांना सांगतात, की बघा, हा तो.

त्या साली अंतिम लढत माझ्यात आणि यालमारी युलिकोस्कीत झाली. एकाच क्लबचे, नदीच्या समोरासमोरच्या काठांवरचे. मी त्याला मागच्या मागे पाडले खरे, पण माझा उजवा घोटा त्याच्या टाचेमागे होता. आमच्या कुस्तीत याहून मोठे पाप नाही. ज्या बाजूला पंच नव्हते त्या बाजूने मी ते केले. नकळत झाले नाही, मी ठरवून केले.

तो पडला, पण चीत झाला नाही. डोके आणि टाचा गादीला टेकून त्याने अंगाची कमान केली आणि तशीच धरली. मी अख्खा त्याच्या छातीवर होतो. चार मिनिटे त्याने खांदे टेकू दिले नाहीत. मग मानेत काहीतरी कटकन मोडल्यासारखे वाजले आणि वेळ संपल्याची पंचाची शिट्टी झाली. खांदे टेकले नव्हते, गुणांवर मी जिंकलो. हात मिळवताना त्याची मान एका बाजूला कलली होती. तो एवढेच म्हणाला, "पाय होता, ओस्करी." मी म्हणालो, "गादी ओली होती."

त्याने तक्रार केली नाही. तसला माणूसच नव्हता तो. मान कधी सरळ झाली नाही, पुन्हा कुस्तीही झाली नाही. दोन हिवाळ्यांनंतर छातीच्या तापाने गेला. त्यांचा सौना त्या वर्षी जळाला होता, म्हणून अंघोळ घालायला त्याला आमच्या सौन्यात आणले. माझे वडील पाणी आणायला नदीवर गेले आणि आत आम्ही दोघेच उरलो. त्याला फळीवर उताणा ठेवला होता. डोके टेकले होते, टाचा टेकल्या होत्या, आणि खांदे फळीपासून चार बोटे वर होते.

मी ते दाबले. दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून. फळीला लागेपर्यंत दाबले आणि तोंडाने म्हणालोसुद्धा, "टेकले." मला आजही त्याची लाज वाटते.

आमच्याकडे सगळ्यांची अंघोळ झाली की निघताना शेवटचे एक पळीभर पाणी तापल्या दगडांवर टाकून दार लावून घेतात. ती वाफ जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी असते. पुढच्या शनिवारी मीही सोडली. तासाभराने कंदील आत राहिला म्हणून परत गेलो. बसायची वरची फळी वाळून कोरडी झाली होती. तिच्यावर एका टोकाला डोक्याएवढा ओला गोल आणि दुसऱ्या टोकाला दोन ओल्या टाचा. मधे काही नाही.

एकोणचाळीस वर्षे दर शनिवारी हेच. फळी तीनदा बदलली. एकदा वाफ सोडलीच नाही, तरी खुणा होत्याच. केर्ट्टू लहानपणी म्हणायची, "मामा, वर कुणीतरी दात आवळून बसलंय." मी तिला गप्प करायचो.

आता खरी भीती सांगतो. या जूनमध्ये फळीवर डावा खांदा उमटला. आधी नाण्याएवढा, मग तळहाताएवढा. मागच्या शनिवारी उजव्याचीही कड दिसली. तो थकला आहे. त्याचे दोन्ही खांदे टेकले, तर मी चोरून जिंकलेली कुस्ती खरी ठरेल आणि ती पुन्हा कधी उलटवता येणार नाही. आज पुन्हा शनिवार आहे, रात्रीपर्यंत दोन्ही टेकतील. म्हणून ही घाई.

कलम ५. चांदीचा चषक आणि नदीपलीकडचे बार्लीचे शेत यालमारीची बहीण सान्नी युलिकोस्की हिला मिळावे. एकोणचाळीस वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तिचे बरोबर आहे.

कलम ६. ~~माझ्या मृत्यूनंतर~~ चौथे कलम सभागृहात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. माझा फोटो उतरवून तिथे यालमारीचा लावावा.

(वरील दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. ओ. लु.)

खाडाखोडीचा खुलासा. दुसऱ्या साक्षीदाराला आणायला मी तौनोला पाठवले होते. दुकानदारीण येणार होती. तो सान्नीला घेऊन आला.

"दुकानदारीण सर्दीनं आडवी झालीय," तौनो म्हणाला. "ही पुलावर भेटली. सही करता येते ना, झालं तर मग."

"न वाचता मी कशावर सही करत नाही," सान्नी म्हणाली. डोईचा रुमाल न सोडताच तिने उभ्याने सगळे वाचले. चौथ्या कलमाला तिला फार वेळ लागला. तौनो उगाच चुलीत लाकडे सारत राहिला.

"माझ्या मृत्यूनंतर," ती म्हणाली. "म्हणजे तू मरेपर्यंत त्यानं तसंच राहायचं?"

मी म्हणालो, मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

"त्याला मान उरली नव्हती. पंच घरी गेल्यावर चूक कबूल करून काय उपयोग, ओस्करी? उद्या चर्च सुटल्यावर सगळे कॉफीला सभागृहात असतात. तिथं वाच. तू स्वतः वाच."

पेन घेऊन मी ते दोन शब्द खोडले. सभागृहाची किल्ली तौनोकडे असते. तो म्हणाला, "मी शिडी आणून ठेवतो. खिळा घट्ट आहे तो."

मग मी तिला म्हणालो, की तू सही केलीस तर पाचवे कलम रद्द होईल, शेत जाईल, चषकही जाईल.

"जाऊ दे. शेत कुणीही घेईल. हे तू लिहिलंस याला साक्षीदार मात्र मीच पाहिजे."

म्हणून कलम ५ रद्द. शेत केर्ट्टूला. चषक यालमारीच्या फोटोखाली ठेवावा.

सौना सकाळी तापवला होता आणि शेवटची वाफ दुपारीच सोडली होती. सही करण्याआधी सान्नी एकटी तिकडे गेली. मी खिडकीतून बघत होतो. नदीवर अजून उजेड होता. ती बराच वेळ आत होती. परत येऊन तिने हात पुसले, खुर्ची ओढली आणि पेन मागितले. काय दिसले ते मला सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

होल्मानकोस्की, शनिवार, १६ ऑक्टोबर १९७१.

ओस्करी लुओमापेरा

आम्ही खाली सही करणारे दोघे एकाच वेळी हजर होतो. ओस्करी लुओमापेरा याने आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, स्वखुशीने सही केली. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळायचे नाही.

तौनो रिंता, निवृत्त पोस्टमन

सान्नी युलिकोस्की, शेतकरी. मला आणखी एक लिहायचे आहे. वरची फळी मी पाहिली. डोके नाही, टाचा नाहीत, खांदे नाहीत. तिथे कुणीतरी ताठ बसून गेल्याची खूण आहे, आणि खाली जमिनीवर दाराकडे जाणारी ओली पावले.