अंगणातलं भांडं

४ मे
आज सकाळी साडेआठला नेहमीसारखे हात जोडले आणि कार्यालयाच्या अंगणातल्या पर्जन्यमापकाचं झाकण काढलं. आत एक मुंगी. पाऊस शून्य. काल दुपारी मी अचानक येणाऱ्या पुराचा लाल इशारा दिला होता, म्हणून वहीत माझ्याच हाताने लिहावं लागलं — 'इशारा चुकला.' या उन्हाळ्यातला तिसरा!

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही इशारा देता, बाजार बंद होतो, आणि लोक कोरड्या रस्त्यात उभे राहून आपल्या नावाने बोटं मोडतात. वरची बोलणी मला बसतात. आजपासून लाल इशाऱ्यावर सही फक्त माझी."

उन्हाळी ढग तो. दोन कोसांवर बदाबदा ओतेल आणि इथे धूळही बसणार नाही. साहेबांना हे कळत नाही असं थोडंच आहे? पण इशारा खरा की खोटा, ते ठरतं अंगणातल्या भांड्यावरून. भांडं कोरडं — मी खोटा!

५ मे
ऊन. बायकोने फोनवर विचारलं, "अहो, कपडे काढू का दोरीवरचे?" काढ म्हटलं. "म्हणजे राहू देत," म्हणाली. घरातही तीच पत.

९ मे, रविवार
धाकट्या भावाकडे गेलो. डोंगरापलीकडे ओढ्यावर पूल होतोय, त्या कामावर तो देखरेखीला आहे. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या थेट ओढ्याच्या पात्रात! कोरडं, सपाट, पाण्याचा टँकर उतरायला सोपं. चौतीस माणसं, त्यांत नऊ लहान.

काठच्या झुडपांत गुडघ्याइतक्या उंचीवर काडीकचरा अडकलेला दिसला. हात लावून पाहिला. ताजा.

"हे कधीचं रे?"

"गेल्या सोमवारचं. पाव तासात पाणी आलं, अर्ध्या तासात ओसरलं. तुझा इशारा होता म्हणून सगळ्यांना वर बसवलं होतं. बादल्या गेल्या चार-दोन."

सोमवार — तीन तारीख. माझा 'चुकलेला' इशारा!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगायचं, दादा? हवामानवाला तू!"

खोल्या वर हलव म्हटलं. तर म्हणतो, "माझ्या हातात नाही. ठेकेदाराला कार्यालयाचा कागद लागतो. नुसत्या तुझ्या शब्दावर काम थांबवलं तर उद्या मीच घरी."



१० मे
साहेबांना काडीकचऱ्याचा फोटो दाखवला. "काडीकचऱ्याचे मिलिमीटर किती धरायचे?" म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो — तेच जास्त लागलं.

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, पाहिलंस ते लिही. वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलं — 'ओढ्याला पाणी, ३ मे.' संध्याकाळी पाहिलं तर खोडलेलं.

१४ मे
हवेत वाफ. दुपारी ढग फुगला, विरला. कालही तसंच.

संध्याकाळी देवासमोर बसलो आणि मनात आलं — एकदा कोसळू दे, असा कोसळू दे की सगळ्यांची तोंडं बंद होतील. मग पात्रातली ती नऊ पोरं डोळ्यांपुढे आली. मी काय मागत होतो, आणि कोणाकडे! तसाच उठलो.

१७ मे
साहेब दोन दिवस बैठकीला बाहेरगावी. जाताना म्हणाले, "घाई करू नका. वाटलंच काही तर फोन करा." मी मान डोलावली. माझी मान फार चटकन डोलते.

१८ मे, दुपार
दोन चाळीस. रडारवर डोंगरमाथ्यावर ढग — उभाच्या उभा वाढतोय आणि जागचा हलत नाही. चालता ढग परवडला. हा एकाच जागी रिता होणार, आणि तिथलं सगळं पाणी त्या ओढ्यात.

साहेबांचा फोन बंद. पुन्हा केला — बंद. तिसऱ्यांदा लागला. "बैठकीत आहे हो! अर्धा तास बघा, मग ठरवू."

अर्धा तास काय बघू? तिथे पाव तासात पाणी येतं! धाकट्याला फोन केला, तर तो एवढंच म्हणाला, "दादा, कागद पाठव."

कागद तयार आहे. सहीची जागा रिकामी. अंगणात लख्ख ऊन पडलंय, भांडं चकाकतंय. आणि मी इथे लिहीत बसलोय. पुरे.

१९ मे
अंगणातल्या भांड्यात शून्य.

बायकोने काल न विचारता कपडे काढले होते. कोरडेच होते. घड्या घालून ठेवले.

धाकट्याचा फोन आला. पत्र्याच्या खोल्या राहिल्या नाहीत, एकही नाही. माणसं चौतीस, सगळी वर काठावर. त्याने दोनदा मोजली.

वहीत 'इशारा चुकला' लिहिलेलं नाही. साहेब उद्या कागद मागतील. त्यावर वेळ आहे दोन अठ्ठेचाळीस, आणि सही माझी.