गोठ्यावरची घार

निर्मळ

प्रिय गॉडफ्रे यास तुझ्या भावोजींचा सप्रेम नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळं ठीक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? हिल्डाचा रक्तदाब उतरला का? (मागच्या खेपेला मी राजकारणावर बोललो म्हणून तो चढला, असं ऐकतो.) वाडीतली केळी यंदा बरी आहेत आणि तुझी बहीण ॲनी त्याहून बरी आहे.

लिहायचं कारण म्हणजे ‘घारीची नजर’. लोक हे वाटेल तिथे वापरतात. डोळे वटारणाऱ्या आमच्या मुख्याध्यापकांनाही तेच म्हणत, पण ती नुसती करडी नजर. घार वर शांतपणे घिरट्या घालते, आपलं लक्षच नाही असं दाखवते, आणि अख्ख्या अंगणातलं नेमकं एक पिल्लू तिला दिसतं. दुरून बारीक गोष्ट हेरणं, हा खरा अर्थ. आणि हे इतरांनी म्हणायचं असतं. माझ्याबद्दल सगळं गाव म्हणे. चर्चमध्ये मागच्या बाकावरून, पुढचा कोणता मुलगा च्युइंगम चघळतोय हे मी त्याच्या कानामागच्या हालचालीवरून सांगत असे. म्हणून तर नाताळात मंडळ भरवतं त्या बाळ येशूच्या गोठ्यांच्या स्पर्धेचा परीक्षक इतकी वर्षं मीच.

यंदा कॅल्विनच्या अंगणातला गोठा पाहिला. पेंढा, दिवे, मातीची मेंढरं, आणि शेकोटीशी घोंगडी पांघरून बसलेला एक मेंढपाळ. काय हुबेहूब काम! मी मंडळाच्या पोरांना गोळा करून सुरकुत्यांची वाखाणणी केली. फक्त नाक प्रमाणाबाहेर झालंय, माती जरा कमी घ्यायला हवी होती, असं म्हणून ते बोटांनी चाचपून दाखवलं. तेव्हा मेंढपाळाने डोळे उघडले.

“मास्तर, नाक माज्या बापाचं हाय. त्याला नावं ठेवू नका.”

शेजारचा काशीराम शेकायला बसून डुलकी घेत होता. मी न डगमगता ‘जिवंत देखावा’ म्हणून पहिला नंबर जाहीर केला. (दुसऱ्या आळीची ब्रिटनी अजून माझ्याशी बोलत नाही. तिच्या गोठ्यातलं कोणी जिवंत नव्हतं.) बक्षिसाचा केक कॅल्विनने काशीरामला दिला आणि त्याने अर्धा मलाच आणून दिला, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. पुढच्या वर्षासाठी मंडळाने मला परीक्षकाऐवजी प्रमुख पाहुणा केलंय. मानच आहे तो.

तुझा,
फ्रान्सिस

ता. क. माझे डोळे उत्तम आहेत. वसईच्या डॉक्टरकडे गेलो होतो ते सहजच.

ता. ता. क. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गुरुवारी उजव्याचं ऑपरेशन. मला फार भीती वाटते रे. तू ये. ॲनीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटतं, मी खुशीत आहे.

गॉडफ्रे, मी ॲनी. ह्यांनी पाकिटात विजेचं बिल घालून ते चिकटवलं आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पत्र टेबलावरच राहिलं होतं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या म्हणून सगळं नीट उतरवून काढलंय, मला न कळवण्याची ओळसुद्धा. गुरुवारी नक्की ये. हात मी धरीन, तू फक्त त्यांना घार म्हण.