हजीऱ्याच्या नोकरीला नाही म्हटलं

रविवार, संध्याकाळ. सुरत, आईकडे.

मामा आज हजीऱ्याच्या कारखान्यातली नोकरी घेऊनच आला. "पगार चांगला, घर जवळ. पोरगी चाळिशीला आली नि अजून आरसे टांगतेय!" हे आईला. मी समोरच बसले होते!

आरसे टांगते, खरंय. गुरुत्वीय लहरी मोजायच्या यंत्रातला आरसा बाहेरच्या कुठल्याही हादऱ्याने हलू नये, हेच माझं काम. आपल्याकडचं यंत्र सुरू व्हायला अजून वर्षं लागतील. त्यात लहर सापडेपर्यंत मी निवृत्तही होईन कदाचित. मग? आरसा स्थिर राहिला, तर माझ्यानंतरचं कोणीतरी लहर पकडेलच.

"तुझ्या हयातीत काहीच दिसलं नाही तर?" मामाने विचारलं.

"तरी हेच करीन."

माझा आवाज चढला. चढू दे.

त्याने तिथल्या साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला. त्यांना तरी नाही म्हणणार नाही, असं वाटलं असेल. मी गुजरातीत स्वच्छ सांगितलं, मला माझं काम आहे.

मामा चहा न पिताच निघाला. भावापुढे कधी न बोललेली आई दारात म्हणाली, "दादा, करू दे तिले." मग माझ्यासमोर येऊन बसली. "आते माले सांग, तू नेमकं काय करस?"

इतक्या वर्षांत घरातून पहिल्यांदाच कोणी विचारलं. गॅसवर भाजी करपली, तरी ती उठली नाही.